धरणाच्या पायथ्याशी टर्बाइन, की पंपहाउसच्या आवारात सोलर? खानदेशातल्या नगरपालिकांसाठी एक हिशेब

नगरपालिकेच्या सभेत पाणीपुरवठ्याचं वीजबिल वाचून दाखवलं की एक सूचना हमखास येते. धरण आपल्या उशाला आहे, कालव्याला पाणी सुटतंच, मग त्याच पाण्यावर पालिकेचं छोटं वीजघर का नको? दुसरा कोणी म्हणतो, अहो, मे महिन्यात इथे पाय ठेववत नाही एवढं ऊन, सोलर लावा की. दोघांचंही ऐकून घेतलं जातं आणि ‘सल्लागार नेमण्यात यावा’ असा ठराव होऊन विषय पुढे सरकतो. सल्लागाराला पैसे देण्याआधी पाणीपुरवठा सभापतींना किंवा मुख्याधिकाऱ्यांना घरी बसून करता येईल असा हिशेब इथे देतो आहे. उदाहरण म्हणून लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव घेतलंय. गावाला दिवसाला १ कोटी लिटर पाणी लागतं, पाणी एका मध्यम प्रकल्पातून येतं, धरण मातीचं आहे, पायथ्याशी कालवा निघतो आणि पालिकेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तीही तिथेच आहे. आकडे ढोबळ आहेत. आपल्या गावचे घाला आणि पुन्हा मांडा.

आधी सूत्र

पाण्यापासून किती वीज होणार हे दोनच गोष्टी ठरवतात: पाणी किती उंचीवरून येतं आणि सेकंदाला किती येतं. उंची मीटरमध्ये घ्या, प्रवाह घनमीटरमध्ये. दोन्हींचा गुणाकार करा आणि ८ ने गुणा, किलोवॉट मिळतील. शास्त्राप्रमाणे गुणक ९.८१ आहे, टर्बाइन, जनरेटर आणि पाइपातली घट वजा केली की चांगल्या संचात ८ च्या आसपास उरतो. आपल्याकडे सगळं क्युसेकमध्ये बोललं जातं, तर साधारण ३५ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनमीटर.

या सूत्रात धरणाचा साठा कुठेच नाही. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी आहे आणि हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ऐकायला दोन्ही भारदस्त वाटतं, पण वीजघराच्या हिशेबात त्याने काही ठरत नाही. वर्षातले किती दिवस, किती पाणी, किती उंचीवरून मोरीतून (धरणाच्या पोटातून कालव्याकडे जाणाऱ्या बोगद्यातून) बाहेर पडतं एवढंच तिथे मोजलं जातं.

आता गावाचं स्वतःचं पाणी घ्या. दिवसाला १ कोटी लिटर म्हणजे सेकंदाला ११६ लिटर, ०.११६ घनमीटर. धरणात सरासरी ११ मीटर उंची मिळते असं धरलं तर ११ गुणिले ०.११६ गुणिले ८, म्हणजे १० किलोवॉट. पालिकेच्या हक्काच्या पाण्यात एवढीच वीज आहे. एखाद्या शेतकऱ्याची साडेबारा एचपीची मोटरसुद्धा त्यावर जेमतेम फिरेल. वीजघराचा प्रस्ताव २००-३०० किलोवॉटच्या गोष्टी करत असेल, तर ती सगळी वीज शेतीच्या पाण्यातून येणार आहे, आणि ते पाणी कधी सुटणार हे पालिका ठरवत नाही. कालवा सल्लागार समिती ठरवते. धरण जलसंपदा विभागाचं, आपल्या भागात बहुतेक ठिकाणी तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या ताब्यातलं.

‘दार्जिलिंगला नगरपालिकेचं वीजघर होतं, मुंबई महापालिकाही करते आहे’ असे दाखले दिले जातात तेव्हा हे आठवावं. दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंग १८९७ सालचं, देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र, आणि खरोखरच नगरपालिकेचं. ६५ किलोवॉटचे २ संच. पण तिथे हिमालयाचा उतार आहे, थोड्या पाण्यालाही भरपूर उंची मिळते. मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरणासाठी २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगतं सौर असा जोडप्रकल्प आखला. पण ते धरण महापालिकेच्या मालकीचं, १०० मीटरहून उंच, आणि त्यातलं पाणी शहरासाठीच, म्हणून बारा महिने वाहतं. आपल्याकडे धरण दुसऱ्याचं, पाणी आवर्तनाचं, म्हणजे शेतीच्या पाळीपुरतंच सुटणारं, आणि उंची दहा-पंधरा मीटरची. (त्या जोडप्रकल्पातही पाण्याच्या चौपट सौर आहे, हेही बघून ठेवा.)

आवर्तनावर चालणारं वीजघर

कालव्याला आवर्तनात १०० क्युसेक सुटतात असं धरू, म्हणजे २.८३ घनमीटर. ऑक्टोबरात धरण काठोकाठ असताना उंची १४ मीटर, तेव्हा क्षमता ३१७ किलोवॉट. रब्बीच्या मध्यावर ११ मीटर, २४९ किलोवॉट. उन्हाळी आवर्तन संपताना पाणी मृतसाठ्याकडे सरकलेलं असतं. ६ मीटर उंची उरली तर कागदावर १३६ किलोवॉट. कागदावरच, कारण ११ मीटरसाठी घेतलेलं फ्रान्सिस टर्बाइन त्याच्या दोन-तृतीयांश उंचीखाली नीट चालत नाही. थरथरतं आणि पात्यांना खड्डे पडतात. पाती फिरवता येणारं कॅपलन जास्त चढउतार सोसतं, पण महाग आहे. म्हणजे ज्या महिन्यात वीजबिल जास्त टोचतं आणि गावाला पाणी चार दिवसांआड मिळत असतं, त्याच महिन्यात वीजघर बंद पडलेलं असणार.

२५० किलोवॉटचा संच बसवला असं समजा. चांगल्या वर्षी रब्बीची ३ आवर्तनं २५-२५ दिवसांची, उन्हाळ्याची २ आवर्तनं २०-२० दिवसांची. एकूण ११५ दिवस. शेवटच्या पाळीत उंची नाही म्हणून ते २० सोडा, राहिले ९५. सरासरी २०० किलोवॉटने दिवसरात्र चाललं तर ४ लाख ५६ हजार युनिट. बिघाड, वीजवाहिनीचे ट्रिप आणि जाळीतला कचरा जाता ४ लाख धरू.

२५० किलोवॉटचा संच वर्षभर अखंड चालता तर २१ लाख ९० हजार युनिट झाले असते. आपल्याला त्यातले १८ टक्के मिळाले. केंद्रीय वीज नियामक आयोग लघु जलविद्युतचे दर ठरवताना हिमाचल, उत्तराखंड, पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी हा गुणांक ४५ टक्के धरतो, बाकीच्या राज्यांसाठी ३०. प्रकल्प अहवालात ३० टक्के लिहिलेले दिसले तर समजा की कोणीतरी नियमावलीतला आकडा उचललाय, आपल्या धरणाचं गेज रजिस्टर, म्हणजे रोजच्या पाणीपातळीची वही, उघडलेलं नाही. १८ टक्के म्हणजे साधारण सोलरचाच गुणांक. सोलर रात्री झोपतं म्हणून त्याला नावं ठेवायची आणि वर्षातले ९ महिने झोपणारं यंत्र दुप्पट किमतीला घ्यायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

हे चांगल्या वर्षाचं झालं. २०१८ मध्ये खानदेशातल्या बऱ्याच तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. तशा वर्षी शिल्लक पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात आणि शेतीला फार तर एखादी पाळी मिळते, तीही कमी उंचीवरून. २५ दिवस, १५० किलोवॉट, म्हणजे ९० हजार युनिट. कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण वर्षाचा.

उलट बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरून सांडवा वाहू लागतो तेव्हा उंची पूर्ण असते आणि पाणी फुकट जात असतं. मोरीला नदीत पाणी सोडायची सोय असेल तर त्या दिवसांत टर्बाइन पूर्ण क्षमतेने चालवता येतं, कोणाचं काही बुडत नाही. महिनाभर सांडवा चालला तर दीड लाखावर युनिट वाढतात. असे महिने आपल्या धरणावर गेल्या २० वर्षांत किती आले हे पाटबंधारे उपविभागात नोंदलेलं असतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांवर ते जास्त सापडतील, गिरणा-पांझरा खोऱ्यात कमी.

तापीवरच्या बॅरेजना, म्हणजे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा यांना, हा हिशेब लावूच नका. पुरात दरवाजे उघडे, वरची-खालची पातळी जवळपास एक, उंचीच नाही. पावसाळ्यानंतर दरवाजे बंद, उंची आहे पण वाहतं पाणी नाही.

सोलरची बाजू

इथे बोलायला कमी आहे, कारण अनिश्चितता कमी आहे. आपल्या भागात नीट बसवलेलं १ किलोवॉट सोलर वर्षाला सुमारे १,५०० युनिट देतं. ४ लाख युनिटसाठी २६७ किलोवॉट लागतील, जागा एक ते सव्वा एकर. जलशुद्धीकरण केंद्राचं आवार, शुद्ध पाण्याच्या टाकीचं छत, जॅकवेलजवळची पालिकेची पडीक जमीन यांतून एवढं बहुतेक ठिकाणी निघतं. खर्च आजच्या भावाने सव्वा कोटीच्या आसपास. महानिर्मितीने साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचा प्रकल्प उभा केला तेव्हाच्या आणि आजच्या पॅनलच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोलरचं पारडं जड झालं ते मुख्यतः या घसरलेल्या किमतींमुळे.

उणिवा आहेत. पहिली म्हणजे उष्णता. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला ०.३५ टक्क्यांच्या आसपास घट. मे महिन्यात भुसावळला हवा ४५ अंशांवर असते तेव्हा काच ६५ ते ७० अंशांवर जाते, म्हणजे दुपारी १४-१५ टक्के वीज तिथेच गेली. इन्व्हर्टर पत्र्याच्या खोलीत ठेवलं असेल तर तेही तापून स्वतःहून उत्पादन कमी करतं. म्हणून टेंडरमध्ये इन्व्हर्टरला सावली आणि मोकळी हवा ही अट लिहून घ्या. हजारो रुपयांच्या पत्र्यासाठी लाखोंची वीज जाते. दुसरी, धूळ. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत पंधरवड्याला तरी धुलाई हवी, तीही सकाळी ऊन चढायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की तडा जातो. तिसरी उणीव केबलचोरीची. शेतातल्या मोटरींच्या केबली जिथे रातोरात जातात तिथे पॅनलच्याही जातील. कुंपण आणि रखवालदार खर्चात धरा.

आणि रात्र. पंप दिवसरात्र चालत असतील तर सोलर निम्म्याच वेळी उपयोगी. याला उपाय पंपाचा आहे: जलकुंभ आणि संपाची (जमिनीखालच्या टाकीची) साठवण पुरेशी असेल तर उपसा दिवसा जास्त आणि रात्री कमी असा फिरवता येतो. पालिकेत व्हॉल्व्हमनच्या पाळ्या बदलणं हे पॅनल बसवण्यापेक्षा अवघड काम आहे, पण होतं. बाकी उरलेली वीज नेट मीटरिंगमध्ये जाते, म्हणजे महावितरणला देऊन बिलातून वजा होते, मंजूर भाराच्या मर्यादेत.

तरंगत्या सोलरबद्दल लोक विचारतात, कारण नर्मदेवर ओंकारेश्वरला ते झालंय. तिथल्या जलाशयाची पातळी आपल्या धरणांसारखी वर्षाला दहा मीटर वरखाली होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात निम्मे तराफे चिखलावर बसतील. पालिकेने त्या वाटेला जाऊ नये.

धरणाच्या पोटातली मोरी

पैशांचा हिशेब बाजूला ठेवला तरी जलविद्युतच्या बाजूने एक अडचण आहे. प्रस्तावात ती बहुधा एका ओळीत उरकलेली असते. मला तीच सगळ्यात मोठी वाटते.

जुन्या मातीच्या धरणात कालव्याच्या विमोचकाचा, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेचा, दरवाजा पाण्याच्या बाजूला, विहिरीसारख्या मनोऱ्यात असतो. वर चाक फिरवून दरवाजा थोडा उचलतात. पाणी खालून घुसतं आणि भरावाच्या पोटातून गेलेल्या दगडी किंवा काँक्रीटच्या मोरीतून मोकळं वाहत कालव्यात पडतं. मोरीत वर हवा, खाली पाणी. दाब असा नाहीच. मोरी त्याच हिशेबाने बांधलेली असते.

टर्बाइन बसतं मोरीच्या दुसऱ्या तोंडाला, कालव्याच्या बाजूला. त्याला दाबाचं पाणी हवं, म्हणजे वरचा दरवाजा पूर्ण उघडा आणि मोरी काठोकाठ भरलेली. आता त्या जुन्या मोरीवर आतून १४ मीटर पाण्याचा दाब आला. पन्नास वर्षांपूर्वीच्या सांध्यातून पाणी झिरपून भरावात शिरलं तर माती आतल्या आत धुपते. बाहेर पहिली खूण दिसते ती पायथ्याशी गढूळ पाझराची, तोवर आत पोकळी झालेली असू शकते. मातीची धरणं अशी फुटल्याचं जगभर नोंदलेलं आहे.

यावर इलाज आहे: मोरीत पोलादी पाइप घालायचा आणि पाइप व मोरी यांमधली फट सिमेंटच्या ग्राउटने भरायची. १.२ मीटर व्यासाच्या पाइपातून १०० क्युसेक सेकंदाला अडीच मीटर वेगाने जातात, ते चालतं. पण मोरी मूळची त्याहून मोठी असेल आणि कधीकाळी कालव्याला २०० क्युसेक लागत असतील, तर पाइप घातल्यावर ते मिळणार नाहीत. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचा ‘पानी कव्हय येई?’ (पाणी कधी येईल?) हा प्रश्न एरवी पाटकऱ्याला असतो, तो आता नगराध्यक्षांच्या दारात येईल. आणि हे सगळं काम दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या दिवसांत, धरणात पाणी असताना उरकायचं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानंतर अशा बदलाला धरण सुरक्षितता संघटनेची तपासणी टाळता येत नाही, टाळूही नये. महामंडळ, धरण सुरक्षितता, महाऊर्जा, महावितरण, विद्युत निरीक्षक, प्रत्येकाची फाइल वेगळी. निवडून आलेल्या मंडळाची ५ वर्षं यात सहज जातात.

पाइप, ग्राउट, टर्बाइन, वीजघर, वाहिनी मिळून २५० किलोवॉटला अडीच-तीन कोटींच्या खाली येणं मला अवघड दिसतं. मोठ्या प्रकल्पांचा प्रति मेगावॉट दर लावून छोट्याचा अंदाज काढू नका. संच लहान झाला म्हणून गेट, क्रेन, पॅनल आणि नियंत्रण व्यवस्था त्या प्रमाणात लहान होत नाही.

वळवाच्या रात्री काय होतं

मे महिना, उन्हाळी आवर्तन चालू, संध्याकाळी वावटळ उठते आणि बाभळीची फांदी ११ केव्हीच्या तारेवर पडते. फीडर ट्रिप. जॅकवेलवर सोलर असेल तर इन्व्हर्टर क्षणात बंद होतं, पंप थांबतात, रखवालदार महावितरणला फोन लावतो. संपलं.

वीजघरात त्याच क्षणी टर्बाइनवरचा भार नाहीसा होतो, पाणी मात्र येतच असतं. चाक मोकाट सुटतं, काही सेकंदांत नेहमीच्या वेगाच्या दीडपट-दुप्पट, कॅपलनमध्ये त्याहूनही जास्त. म्हणून टर्बाइनच्या तोंडाशी वजनाने पडणारा व्हॉल्व्ह लागतो, जो विजेशिवाय आपोआप बंद होईल. तो फार झटकन बंद झाला तर पाइपात पाण्याचा धक्का बसतो. म्हणून तेलाच्या दट्ट्याने त्याचा वेग बांधलेला असतो. आणि कालव्याचं पाणी थांबता कामा नये, तर शेजारचा बायपास तेवढ्याच वेळात उघडला पाहिजे. हे तिन्ही रात्री अडीच वाजता, घामेजलेल्या आणि पेंगुळलेल्या ऑपरेटरच्या मदतीशिवाय व्हायला हवं. पूर्ण स्वयंचलित व्यवस्था मिळते, पण तीही कुणीतरी दर महिन्याला चालवून बघावी लागते. पालिकेत पंपऑपरेटरची पदं रिक्त असतात तिथे हा माणूस कुठून येणार, ते ठरावाआधी विचारा. तीन पाळ्यांना चार-पाच माणसं धरली तर वर्षाला दहा लाखांच्या वर पगारच गेला.

बरेच जण वीजघराकडे लोडशेडिंगवरचा इलाज म्हणून बघतात. लहान प्रकल्पांत स्वस्त पडतो म्हणून इंडक्शन जनरेटर घेतात. त्याला चुंबकत्वासाठी महावितरणचीच वीज लागते. ग्रीड गेलं की तो मेला. सिंक्रोनस जनरेटर आणि गव्हर्नर घेतलात तर गावापुरतं वेगळं चालवता येतं, खर्च वाढवून. साधं सोलरही ग्रीड गेलं की बंद होतं. या बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही. एक्स्प्रेस फीडरची, म्हणजे फक्त पाणीपुरवठ्यासाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीची, देखभाल यापेक्षा जास्त उपयोगी.

वीज कुठे वापरणार

वीजघर जॅकवेलला लागून असेल तर वीज आपल्याच तारेने आपल्याच पंपाला जाते, प्रत्येक युनिट पूर्ण दराने वाचतं. युनिटला ८ रुपये धरले तर ४ लाख युनिटचे ३२ लाख. सोलरचे सव्वा कोटी चार-साडेचार वर्षांत निघतात. जलविद्युतचे पगार, देखभाल आणि पाणीवापराचा आकार जाऊन बारा ते पंधरा वर्षांत, तेही मध्ये २०१८ आलं नाही तर. मात्र टर्बाइन नीट राखलं तर ३५-४० वर्षं चालतं, पॅनल २५ वर्षं, आणि इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावं लागतं. लांबचा विचार करणाऱ्याला हा मुद्दा वजनदार वाटेल. मला एवढा वाटत नाही, कारण पालिकेत ३५ वर्षं सलग नीट राखलेलं यंत्र सहसा बघायला मिळत नाही.

वीजघर धरणाशी आणि मोठे पंप दहा किलोमीटरवर शुद्धीकरण केंद्रात असतील तर ओपन ॲक्सेस, म्हणजे आपली वीज महावितरणच्या तारांतून न्यायची परवानगी, घ्यावा लागतो. केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी त्याची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे दार उघडलंय. पण वहन आकार आणि तोटा जाता वाचणारी रक्कम आटते. सोलर पंपाजवळ, आपल्याच मीटरच्या आत बसवता येतं, हा भांडणं टाळणारा फायदा.

खासगी कंपनी स्वतःच्या पैशाने वीजघर बांधते असा प्रस्ताव आला तर पालिका फक्त जागा आणि पत्रव्यवहार पुरवणार असते. राज्याचं २००५ चं लघु जलविद्युत धोरण २५ मेगावॉटपर्यंत खासगी सहभागाला वाव देतं, पण धरणाची मोरी पालिकेची नसल्याने पालिकेला तिथे सौदा करायला हातात फारसं काही नाही.

तिसरा पर्याय, ज्याचं उद्घाटन होत नाही

रोज १ कोटी लिटर पाणी ५० मीटर वर चढवायला शास्त्राप्रमाणे १,३६२ युनिट लागतात. पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के असेल, आणि रीवाइंड करकरून जुन्या झालेल्या मोटरींची असतेच, तर प्रत्यक्षात २,७२५ लागतात. नवे पंप घेऊन ती ७० टक्क्यांवर नेली तर १,९४६. दिवसाला ७७९, वर्षाला २ लाख ८४ हजार युनिट वाचले. वीजघराच्या चांगल्या वर्षातल्या उत्पादनाच्या ७० टक्के, दुष्काळात वीजघर देईल त्याच्या तिप्पट, आणि खर्च वीजघराच्या काही अंशात. इतर दोन्ही पर्यायांच्या आधी हे करा. पंपाचा गेज वाचा, मीटरचे युनिट लिहा, प्रवाह मोजा. कार्यक्षमता काढायला एवढं पुरतं. नंतर सोलर घ्यायचं झालं तरी तेही तेवढंच लहान लागेल. यात कोनशिला बसवायला जागा नाही, हीच काय ती उणीव.

(पाइपलाइनमध्येच उलटा पंप टर्बाइन म्हणून बसवायची कल्पनाही ऐकू येते. उतारावरून दाबाने पाणी येणाऱ्या डोंगरी गावांना ती चालते. आपण पाणी वर चढवतो.)

टर्बाइन कुठे घ्यावं

सगळीकडे नाही म्हणायला नको. सिंचनाचा कालवा जवळपास वर्षभर वाहत असेल तर छोटं वीजघर उत्तम चालतं. आपल्या तापीवरच, खाली गुजरातेत, उकाईच्या मुख्य ३०० मेगावॉटखेरीज डाव्या कालव्यावर अडीच मेगावॉटचे २ संच आहेत. नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ मध्ये लोकांनी श्रमदानाने १५ किलोवॉटचं वीजघर उभं केलं, धरणाशिवाय, ओढ्याच्या पाण्यावर. जिथे तारच पोचली नव्हती तिथे १५ किलोवॉट खूप होते. पुढे सरदार सरोवराच्या फुगवट्यात ते बुडालं. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के.

गावच्या धरणावर मोरीत आधीच दाब सोसणारा पोलादी पाइप असेल, पिण्याचं पाणी नदीपात्रातून खालच्या गावांना वर्षभरात पुन्हा पुन्हा सुटत असेल, जसं गिरणेतून सुटतं, आणि आवर्तनं व सांडवा मिळून गेल्या १० वर्षांपैकी ७ वर्षांत तरी १५० दिवसांवर पाणी पुरेशा उंचीवरून वाहिलं असेल, तर माझं मत टर्बाइनच्या बाजूने पडेल, सोलरबरोबर, लहान संच घेऊन. १०० क्युसेकसाठी २५० किलोवॉटचा एक संच घेण्यापेक्षा ८०-१०० किलोवॉटचे दोन घ्या. कमी पाण्यात एक तरी पूर्ण ताकदीने चालेल.

अहवाल मागवताना गेज रजिस्टरची दहा वर्षांची रोजची पातळी आणि रोजचा विसर्ग जोडपत्रात मागा, सरासरी नको. करारात उत्पादनाची हमी पाण्याशी बांधून घ्या: इतक्या उंचीवर इतक्या क्युसेकला इतके किलोवॉट, असा तक्ता. नाही तर कमी वीज झाली की ठेकेदार पावसाकडे बोट दाखवेल आणि त्याचं खोटं ठरवायला आपल्याकडे काही नसेल. बायपास कोण उघडणार, त्याची चावी पालिकेकडे की पाटबंधारेच्या शाखा अभियंत्याकडे, आणि वीजघरामुळे कालवा एक दिवस कोरडा राहिला तर भरपाई कोणाच्या खिशातून, हे काम सुरू व्हायच्या आधी महामंडळाशी लेखी ठरवा.